भिंतीवरची आई

मावशीला सिनेमातून काढून टाकायचं ठरलं ते एका दुपारी, जेवणानंतर, सगळ्यांच्या डोळ्यांवर झापड आलेली असताना. असली कामं माणसांना भरल्या पोटीच जमतात.

खोलीत तिघं होते. एक दिग्दर्शक, म्हणजे मावशीचा भाचा. दुसरी संकलन करणारी बाई, जिने चौदा महिने त्याचं फुटेज उलटंपालटं करून डोळ्यांना चष्मा लावून घेतला होता. आणि तिसरा सल्लागार. महोत्सववाल्यांनी आठ नवशिक्या दिग्दर्शकांना दहा दिवस एका जागी कोंडून ठेवलं होतं, प्रत्येकाचा अर्धाकच्चा सिनेमा बघायचा, त्यातल्या चुका सांगायच्या आणि शेवटी दोघांना आवाज आणि रंगाचं काम पुरं करायला निधी द्यायचा, असा बेत होता. तो निधी कुणाला द्यायचा हे सल्लागार ठरवणार होता. त्यामुळे आठही जणांना त्याचं बोलणं फार खोल वाटायचं.

सल्लागाराने सिनेमा पाहिला, दात कोरले आणि म्हणाला, "तुमचा सिनेमा आई मेल्यावर सुरू होतो. मग आधी चाळीस मिनिटं तिला जिवंत कशाला ठेवलीत?"

संकलनवाली हळूच म्हणाली, "त्या बाई नट नाहीत. दिग्दर्शकांच्या मावशी आहेत."

"ते दिसतंय. प्रत्येक वाक्य झालं की कॅमेऱ्याच्या मागे बघतात. बरोबर म्हटलं का रे, असं."

हे खोटं नव्हतं. मावशी प्रत्येक वाक्यानंतर भाच्याकडे बघायची. संकलनवालीने तिची नजर वळायच्या आत शॉट तोडून पाहिला होता, मध्ये शिलाई मशीनचं चाक घालून पाहिलं होतं, एकदा तर खिडकीवरचं मांजरही घालून पाहिलं. नजर लपायची, पण बाईचा जीव त्या नजरेतच होता. ती गेली की उरायचं ते पाठांतर.

"आईला सुरुवातीलाच मारा," सल्लागार म्हणाला. "भिंतीवर एक फोटो लावा. बाकी मुलगा, रिकामं दुकान, आणि फोटो. बघा कसा उभा राहतो सिनेमा."

भाच्याने नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. पण उघडलेल्या तोंडातून जे बाहेर पडलं ते असं होतं, "फोटो कुणाचा लावायचा?"

आता ही मावशी कोण, ते सांगतो. भाचा चार वर्षांचा असताना त्याची आई वारली. वडिलांनी वर्षभरात दुसरा संसार थाटला आणि पहिल्या संसारातलं सामान मेहुणीकडे पोचतं केलं. त्या सामानात हा होता. मावशीने लग्न केलं नाही. का केलं नाही असं कुणी विचारलं की म्हणायची, "माप बसलं नाही कुणाचं." तिचं कपडे शिवायचं दुकान होतं, पुढे मशीन आणि आरसा, मागे दोन खोल्या. त्या दोन खोल्यांत तिने त्याला वाढवला, शिकवला, पुढे सिनेमा शिकायला पाठवला आणि त्याचं नाव ठोंब्या ठेवलं. जगात त्याला तिच्याशिवाय कुणी नव्हतं, आणि तिला त्याच्याशिवाय. सिनेमासुद्धा त्याचाच होता, शिवणकाम करणाऱ्या आईचा आणि तिच्यामागे उरलेल्या मुलाचा. आईचं काम करायला नटी परवडत नव्हती. परवडली असती तरी तिला काजं कुठे करता आली असती?

मावशीने बावीस दिवस दुकान बंद ठेवून शूटिंगला दिलं. नेहमीची गिऱ्हाइकं कोपऱ्यावरच्या तयार कपड्यांच्या दुकानात गेली, त्यातली निम्मी परत आलीच नाहीत. अकरा माणसांच्या युनिटला तिने दोन्ही वेळ जेवायला घातलं, नायकाचे सगळे कपडे शिवले, आणि सातही प्रसंग पाठ केले. मरायच्या प्रसंगाला ती इतकी मनापासून मेली की कट म्हटल्यावरही उठेना. सगळे घाबरले. मग एक डोळा उघडून म्हणाली, "झालं का रे? का अजून मरू?"

हे सगळं काढलं. सातही प्रसंग. संकलनवालीने ते पुसले नाहीत, एका फोल्डरमध्ये ठेवले आणि फोल्डरला नाव द्यायचं तिच्याने होईना, म्हणून बिननावाचाच ठेवला. सिनेमा दोन तास दहा मिनिटांचा होता, तो सत्त्याऐंशी मिनिटांवर आला. आणि वाईट म्हणजे तो चांगला झाला. भाच्याने पहिल्यांदा तो सलग पाहिला तेव्हा त्याच्या अंगावर काटा आला. लाज त्याला नंतर वाटली, पंधराएक मिनिटांनी. निधी मिळाला.

राहिला फोटो. त्याच्या खऱ्या आईचा एकच फोटो घरात होता, तोही लग्नातल्या घोळक्यातला. मोठा केला की नाकाच्या जागी चार ठिपके दिसायचे. परक्या बाईचा फोटो लावावा तर मुलाचं काम करणाऱ्या नटाची चेहरेपट्टी जुळेना. मावशीची जुळत होती. म्हणून एका सकाळी तो कॅमेरा घेऊन दुकानात गेला.

"तुझा एक फोटो हवाय मावशी."

"पोस्टरला?"

"तसंच काहीसं."

मावशीने दुकानाचं दार अर्धं लोटलं, मागे गेली आणि ठेवणीतले कपडे घालून आली. केस तिने शेजारच्या पार्लरमधून नीट करून घेतले, त्यात तासभर गेला. तो कसला वैतागला होता. उजेड सरकत होता ना.

"हसू का?"

"नको. लांब कुठेतरी बघ."

"लांब म्हणजे कुठे? समोर औषधाचं दुकान आहे. त्या बाईला वाटेल तिच्याकडेच बघतेय."

"तिच्याही पलीकडे बघ."

तिने बघितलं. एरवी कॅमेरा दिसला की बिचकणारी बाई, पण त्या क्षणी ती खरंच कुठेतरी गेली. त्याने भराभर बटण दाबलं. उजेड कानशिलावर असा काही पडला होता की त्याला आनंदाने हसू फुटलं. आपण या बाईच्या मरणाचा फोटो काढतोय हे तो तेवढ्यापुरतं विसरून गेला. कलावंतांना हे विसरणं फार सुरेख जमतं.

त्यानंतर सांगायचं म्हणून तो तीनदा दुकानात गेला. पहिल्या वेळी तिथे गिऱ्हाईक होतं. दुसऱ्या वेळी मावशीने तो आल्या आल्या त्याच्या पँटची उसवलेली शिवण बघितली, त्याला टॉवेल गुंडाळून बसवला आणि पँट शिवायला घेतली. टॉवेलवर बसून कुणी कुणाला काय सांगणार? तिसऱ्या वेळी त्याने सुरुवात केली. "मावशी, सिनेमा थोडा लहान करावा लागला."

"मग बरंच झालं की. लोकांना बसवत नाही हल्ली," ती म्हणाली, आणि त्याला चहा दिला. त्याने तो प्यायला.

महोत्सवात निवड झाली. पहिलाच खेळ, तीनशे खुर्च्यांचं सभागृह. दिग्दर्शकाला चार पास मिळतात. ते त्याने निर्मितीला मदत केलेल्यांना दिले आणि मावशीला फोन केला की पास फारच कमी आहेत गं. खरं तर हा फोन करून त्याला हायसं वाटलं होतं.

"अरे, तुला कशाला तसदी? मी काढली तिकिटं," मावशी म्हणाली. "आठ. औषधवाली येतेय, पार्लरवाली येतेय, तिची सासू येतेय. गल्लीच येतेय म्हण ना. कसं सोडतील मला?"

दारात गाठून सांगायचं त्याने ठरवलं. दारात मात्र त्याला सल्लागाराने गाठलं, त्याला कुणाकुणाला भेटवलं, आणि मावशी सात बायकांचा लवाजमा घेऊन केव्हाच आत जाऊन बसली होती. पाचवी रांग, मधोमध. फोटोसाठी घातले होते तेच कपडे होते.

दिवे गेले. भाचा कडेच्या भिंतीला टेकून उभा राहिला. तिथून पडदा तिरका दिसायचा आणि पाचवी रांग सरळ.

तिसऱ्या मिनिटाला भिंतीवरचा फोटो दिसला. औषधवालीने मावशीला कोपर मारलं, पार्लरवाली "आली, आली" म्हणाली, पुढच्या रांगेतल्या कुणीतरी मागे वळून श्श केलं. सगळ्या सावरून बसल्या. आता सुरू होणार. पडद्यावर दार वाजलं की आठही माना उंच व्हायच्या. पोस्टमन यायचा. पुन्हा दार वाजायचं, पुन्हा माना. घरमालक. असं सत्त्याऐंशी मिनिटं चाललं. साधारण निम्म्यावर मावशीची मान उंच व्हायची थांबली. बाकीच्या सातजणींना कळायला आणखी थोडा वेळ लागला, मग त्या पडद्याकडे बघायचं सोडून तिच्याकडे बघायला लागल्या. ती पडद्याकडेच बघत राहिली. शेवटी नावं आली. आभार मानलेल्या एकेचाळीस जणांत तिचं नाव होतं, कॅमेरे भाड्याने देणाऱ्याच्या खाली.

टाळ्या झाल्या. सल्लागार माइक घेऊन मंचावर आला, भाच्याला वर बोलावलं. दोनचार नेहमीचे प्रश्न झाले, किती दिवसांत केलात, पैसा कसा उभा केलात. मग सल्लागाराने आवाज खाली आणला.

"मला त्या फोटोबद्दल विचारायचंय. तो चेहरा विसरता येत नाही. कोण आहेत त्या?"

म्हणजे बघा. ज्या माणसाने तिला चाळीस मिनिटं सहन केली नव्हती, त्याला तिचा चेहरा विसरता येत नव्हता. त्याने तिला ओळखलंही नव्हतं.

भाच्याने पाचव्या रांगेकडे बघितलं नाही. माझी मावशी, ती बघा तिथे बसलीय, एवढंच म्हणायचं होतं. पण तसं म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, आणि मग सातही प्रसंग बाहेर आले असते. सभागृह कसं स्तब्ध झालं होतं. ती शांतता त्याला घालवायची नव्हती.

"माझी आई," तो म्हणाला. "हा तिचाच फोटो. ती आता नाही."

सल्लागाराने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. कुणीतरी उठलं, मग सगळेच उठले, उभं राहून टाळ्या वाजवू लागले. मावशीच्या बाजूच्या सातजणी बसून राहिल्या. मावशी उठली. पर्स काखेत मारून तिनेही टाळ्या वाजवल्या, चांगल्या जोरात.

बाहेर येईपर्यंत ती गेली होती. फोनवर निरोप होता, "छान झालाय. यांना उशीर होतोय म्हणून निघालो. वेळेवर जेव."

तो निरोप त्याने चारपाचदा वाचला आणि मावशी रागावलेली नाही, असं स्वतःला पटवून दिलं. बाईचं मन मोठं. मोठ्या मनाच्या माणसांची हीच तर सोय असते, त्यांच्यात कितीही कोंबता येतं.

चार दिवसांनी वितरक बाईंचा फोन आला. असले लहान सिनेमे त्या तीनचार चित्रपटगृहांत लावायच्या, दिवसाला एक खेळ, तोही सकाळी अकराचा. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. "तुमच्यात कुणी नामवंत नट नाही, गाणी नाहीत. विकायला काहीतरी लागतं. तुमच्याकडे आई आहे. त्या दिवशी सभागृहात काय झालं ते मी पाहिलंय. पोस्टरवर फक्त तो फोटो. खाली ओळ, एका मुलाने आपल्या गेलेल्या आईसाठी केलेला सिनेमा."

इथेसुद्धा सांगता आलं असतं. बाई व्यवहारी होत्या, दुसरी ओळ सुचवली असती. त्याने विचारलं, "ओळ फोटोच्या वर नको का?"

पोस्टर लागलं. त्यातलं एक मावशीच्या गल्लीच्या तोंडाशीच लागलं. आणि मग एका वाहिनीच्या बातमीदार मुलीने कळवलं की त्यांना ते दुकान बघायचंय, आईचं खरं दुकान, जिथे सिनेमा झाला. तिथे मुलाला उभं करून चार वाक्यं घ्यायची आहेत. प्रदर्शनाच्या आधी अशी बातमी आली तर दुसरा आठवडा मिळतो, असं वितरक बाई म्हणाल्या.

तो मावशीकडे गेला. ती कुणाच्या तरी कोटाचं अस्तर उसवत बसली होती. त्याने सगळं एका दमात सांगितलं, सल्लागार, फोटो, मंचावर तोंडातून निघून गेलं ते, पोस्टर. मधे दोनदा त्याचा आवाज भरून आला. मावशी उसवत राहिली.

"एक दिवस बंद ठेव दुकान," तो शेवटी म्हणाला. "मी किल्ली घेऊन त्यांना आत नेईन. तू त्या दिवशी इथे नसलीस तर..."

"बावीस दिवस ठेवलं तेवढं पुरे," मावशी म्हणाली. "बंद दुकान दाखवून काय करशील? मी बसते मशीनवर. कामाला आहे म्हणून सांगेन."

"ओळखतील गं."

"केस बांधते, चष्मा लावते. शिवणाऱ्या बाईकडे कोण बघतंय?"

त्याचे डोळे भरून आले. तो उठून तिच्या पाया पडायला लागला तेव्हा तिने सुई हातात असल्याचं सांगितलं.

बातमीदार मुलगी ठरल्या दिवशी दुपारी आली, बरोबर कॅमेरावाला. भाच्याने आरशाजवळ उभं राहून चार वाक्यं सांगितली. आई इथे बसायची, मी तिथे अभ्यास करायचो. बोलताना त्याला रडू आलं आणि ते खरं होतं. मुलीने मग मशीनकडे बघितलं.

"तुम्ही होतात का बाईंच्या वेळी?"

"होते की," मावशी म्हणाली. "सुरुवातीपासून."

"थोडं बोलाल? तुम्ही त्यांच्या नात्यातल्या आहात का? चेहरा जरासा..."

"वर्षानुवर्षं एका मशीनवर बसलं की सारखंच दिसायला लागतं माणूस."

मुलगी हसली. कॅमेरा तिच्याकडे वळला. भाचा आरशापासून सरकून कॅमेऱ्याच्या मागे जाऊन उभा राहिला. आता ती अडखळणार, वाक्य झालं की माझ्याकडे बघणार.

"कशा होत्या बाई?"

"हात साफ होता. माप घेताना टेप लागायचा नाही, नजरेने घ्यायच्या. माणूस बाकी कळायचं नाही त्यांना. कपड्याचं तेवढं कळायचं."

"आणि गेल्या कशाने?"

मावशीने धागा दाताने तोडला. "आजारपण वगैरे काही नाही. अचानक. आदल्या दिवसापर्यंत चांगल्या होत्या, गल्लीभर सांगत फिरत होत्या की मुलाचा सिनेमा येतोय."

"मुलावर फार जीव असेल त्यांचा."

"होता. आता काय त्याचं?"

"मुलगा येतो का इकडे अजून?"

"साहेब? बाई होत्या तोवर यायचे. आता कुणासाठी येतील? इथे त्यांचं कोण आहे?"

हे ती कुणाच्याही तोंडाकडे न बघता, मशीनमधला कपडा सरकवत म्हणाली. कॅमेरावाल्याने अंगठा वर केला. मुलगी भाच्याला म्हणाली की हे फार सुंदर आलंय, यातलंच जास्त घेऊ, तुमचं एकच वाक्य ठेवू. त्याला मान हलवावी लागली. दोघं सामान आवरून निघून गेले.

गाडी वळेपर्यंत तो दारात उभा राहिला, मग आत आला आणि खुर्चीत कोसळून हसायला लागला.

"मावशी, कमाल केलीस. मला घाम फुटला होता. असं काम शूटिंगला केलं असतंस तर तुला कापायला कुणाची छाती झाली नसती."

मशीन चालू होतं.

"मावशी?"

तिने मशीन थांबवलं. "काही शिवायचं होतं का तुम्हाला?"

तो आणखी हसला. तीही हसेल म्हणून थांबला. ती हसली नाही, चष्म्यावरून नुसती बघत राहिली. गिऱ्हाईक पिशवीतून कपडा कधी काढतंय म्हणून वाट बघावी तशी.

"पुरे आता. गेले ते."

"कपडा आणलाय का? हल्ली नवीन काम मी आठवड्यानेच देते."

"अगं, माझ्याशी तरी नको असं. मला तू 'तुम्ही' म्हणतेस? माझ्याशी भांड, शिव्या घाल, दोन थोबाडीत मार हवं तर."

"मी कशाला मारू साहेब? मी कामाला आहे इथे." तिचा आवाज चढलाही नाही, कापलाही नाही. "बाई वारल्या. तुम्हीच तर सांगितलंत, तीनशे माणसांसमोर. त्या गेल्या तशी त्यांची खोलीही रिकामी केलीय मागची. तुमचं काही सामान होतं, ते खोक्यात भरून ठेवलंय. जाताना घेऊन जा."

खोकं दाराशीच होतं, सुतळीने बांधलेलं. आल्या आल्या त्याने त्यावर पाय ठेवून बुटाची नाडी बांधली होती. तो खुर्चीतून उठला आणि खोक्याकडे बघत राहिला. त्याला जोरात रडायचं होतं, पण थोड्या वेळापूर्वीच रडून झालं होतं आणि आता काही येईना.

"मावशी, मी चुकलो."

तिने मशीनखालची दोऱ्यांची पेटी पुढे ओढली आणि निळा रंग शोधू लागली.

तेवढ्यात समोरची औषधवाली कोटाची चौकशी करायला आत आली. तो शाळेत जायचा तेव्हापासून त्याच्या खोकल्याचं औषध ती फुकट द्यायची, वर गोळीही द्यायची. ती त्याच्याकडे नीट बघून मावशीला म्हणाली, "अजून गेले नाहीत का गं शूटिंगवाले?"

"निघालेत," मावशी म्हणाली. "ये, अस्तर लावून झालंय. घालून बघ."

तो नेमका आरशाच्या समोर उभा होता. औषधवाली कोट हातात धरून थांबली, तेव्हा तो बाजूला झाला.